रॉकेल न घालणारा माणूस

एसटी स्टँडवर विश्रामतात्यांच्या हातात मी पहिल्यांदा पत्रक दिलं तेव्हा त्यांनी ते वाचलं नाही, नाकाला लावलं. डोळे मिटून लांब श्वास घेतला, पत्रक उलटं केलं, मागच्या कोऱ्या बाजूचाही वास घेतला आणि मला परत दिलं.

"शाई कच्ची हाय गो," ते म्हणाले.

"आणि मजकूर?" मी विचारलं. मजकूर माझा होता.

"तो वाचलेला नाय. पण शाई कच्ची हाय."

मी तेव्हा नुकतीच कॉलेजातून बाहेर पडून रत्नागिरीतल्या एका ग्राहक मंडळात शिरले होते. एसटी स्टँडमागच्या खोलीत आम्ही चारसहा जण अन्यायाची वाट बघत बसायचो, आणि अन्यायाने आम्हाला फार वेळ कधी बसू दिलं नाही. वजनात मारणारे, छापील किमतीवर दुसरी चिठ्ठी चिकटवणारे, मुदत संपलेली औषधं गळ्यात मारणारे, सगळ्यांवर पत्रकं निघाली. ती सगळी मीच लिहायचे, कारण बाकीच्यांना राग यायला वेळ लागायचा. माझा तयार असायचा.

तात्यांचं नाक हा त्यांच्या गावातला सार्वजनिक प्रश्न होता. चहा असो, गूळ असो, बँकेतून आलेली कोरी नोट असो, तात्या आधी हुंगणार आणि मग भुवया चढवून विचारणार, "ह्येच्यात भेसळ किती?" मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हा पुढ्यात आलेल्या पोह्यांचा त्यांनी इतका दीर्घ वास घेतला, की मुलीच्या आईने आत जाऊन तेलाचा डबा तपासला. शेजाऱ्यांच्या सत्यनारायणाला प्रसादाचा शिरा तळहातावर घेऊन भर मंडळीत "डालडा हाय" म्हणाले. तूप शेजाऱ्यांच्याच म्हशीचं होतं. शेजारी वर्षभर बोलले नाहीत. चूक दाखवून दिली तर तात्या म्हणाले, "म्हस काय खाऊन आली हुती, ते तुमी बघितलंत?"

या नाकाला कारण होतं. तात्यांनी उभं आयुष्य गावच्या रेशन दुकानात, निळ्या रॉकेलच्या पिंपाशी काढलं. दुकान सोसायटीचं, तात्या तिथले विक्रेते. माप भरलं की वरचे बुडबुडे बसेपर्यंत ते बाईच्या कॅनमध्ये ओतायचे नाहीत. बाहेर पावसात रांग, रांगेत शिव्या, आणि तात्या मापाकडे टक लावून उभे. "बसू दे त्याला," एवढंच म्हणायचे. रेशनचं रॉकेल रस्त्यावरच्या ट्रकांच्या टाक्यांत कसं जातं हे ज्या काळात शेंबड्या पोरालाही माहीत होतं, त्या काळात या माणसाच्या पिंपातला थेंब इकडचा तिकडे झाला नाही. त्याबद्दल कोणी त्यांना शाल-नारळ दिला नाही. शाल-नारळ कोणाला मिळतात ते आपण रोज पेपरात बघतोच. गावात मात्र एखादी गोष्ट अस्सल आहे असं सांगायचं असलं की म्हणायचे, हे रॉकेल विश्रामचं आहे. तात्यांना तेवढं पुरत होतं.

दुकानातून मोकळे झाले आणि त्याच साली बायको गेली. मुलगा मुंबईला. तो म्हणाला, बाबा आता इकडे या. तात्यांनी त्यावर ट्रॅक्टर घेतला.

आमच्याकडे ट्रॅक्टर शेतात कमी आणि रस्त्यावर जास्त. भाताची खाचरं एवढीशी, की ट्रॅक्टर वळवायचा तर शेजाऱ्याच्या खाचरात जावं लागेल. त्यामुळे मागे ट्रॉली जोडायची, खाणीवरून जांभ्या दगडाचे चिरे भरायचे आणि मुंबईच्या पैशावर ज्याचं घर वर येत असेल त्याच्या दारात नेऊन टाकायचे. तात्या उतारवयात गाडी शिकले आणि हा धंदा करू लागले. भेगेचा चिरा त्यांच्या ट्रॉलीत चढत नसे. खाणवाले वैतागायचे, घर बांधणारे खूश असायचे.

आता डीलर. शहरातल्या त्या शोरूमचं नाव मी इथे घेत नाही, कारण नाव घेतलं की लोकांना वाटतं तेवढा एकच तसा आहे. ट्रॅक्टर विकायच्या दिवशी हार, नारळ, पेढा, फोटो. मॅनेजर स्वतः चावी हातात देतो, "आता आपण आमच्या परिवारात आलात" म्हणतो. दुरुस्तीच्या दिवशी परिवारातलं कोणी घरी नसतं. फोन करावा तर साहेब जेवायला गेलेत. सकाळी दहाला फोन केला तरी जेवायला गेलेत. शेवटी मला त्या माणसाच्या तब्येतीची काळजी वाटू लागली होती.

तिथून तात्यांकडे सर्व्हिसला यायचा तो मुश्ताकभाई. पन्नाशीचा, बारीक, आखातात जनरेटरवर काही वर्षं काढून परत आलेला मेकॅनिक. हत्यारांची पिशवी लुनावर टाकून यायचा आणि आल्यापासून दोघांची जुंपायची.

"मुश्ताक, तो पाना मातीत ठेवू नको."

"मग कुठं ठेवू तात्या, डोक्यावर?"

"ठेव. तिथं जागा रिकामीच हाय."

"तुमच्या ट्रॅक्टरला काय होत नाय तात्या. तुमची बडबड ऐकून तोच बंद पडतो एखाद दिवशी."

काम संपलं की तात्या त्याला जेवायला बसवायचे. म्हणजे मासळी मुश्ताकभाईने किनाऱ्यावरून आणायची, कालवण तात्यांनी करायचं, आणि कालवणात तिरफळं जास्त पडली की कमी यावरून पुन्हा भांडण. बायको गेल्यापासून तात्यांच्या घरात दोन ताटं मांडली जात ती या सर्व्हिसच्या दिवशीच, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

पावसाळा संपल्यावरची सर्व्हिस झाली आणि महिन्याभरात ट्रॅक्टर धुरायला लागला. आधी पांढरा धूर, मग सकाळी चालू व्हायला कुरकुर, आणि एक दिवस चिऱ्यांनी भरलेली ट्रॉली घेऊन खाणीचा चढ चढताना इंजिनाचा दमच गेला. डिझेल टाकीतून फिल्टरमध्ये येतं, फिल्टरमधून पंपात, आणि पंप ते मोठ्या दाबाने इंजिनात फवारतो. त्या पंपाच्या आतले भाग इतके नाजूक असतात, की गाळ गेला की खलास. तर तात्यांचा पंप खलास झाला होता. गाडी गॅरंटीत होती. डीलरने पंप काढून नेला, "वर पाठवतो" म्हणाला, आणि तो वरून खाली यायला पौष उजाडला. दुरुस्त न होताच आला. वर्तमानपत्रात गुंडाळून, सोबत दुरुस्तीची नोंद असलेलं जॉबकार्ड. त्यावर मॅनेजरने इंग्रजीत काहीतरी खरडलेलं.

ते वाचून घ्यायला तात्या आमच्या खोलीवर आले.

"बाय, काय लिवलंय सांग."

मी वाचलं. ग्राहकाने डिझेलमध्ये रॉकेल मिसळल्यामुळे पंप निकामी झाला आहे, सबब गॅरंटी लागू नाही.

"परत वाच."

परत वाचलं.

"माझं नाव हाय वर?"

"आहे."

स्टँडवरच्या चहावाल्या पोऱ्याने तेवढ्यात कप आणून ठेवला. तात्यांनी तो उचलला आणि सरळ पिऊन टाकला. वास न घेता. मला तेव्हा कळलं की हा माणूस आतून हलला आहे.

मी पेटले. एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. 'शेतकऱ्याच्या रक्तावर पोसलेल्या डीलरशाहीचा धिक्कार असो' हे शीर्षक. दुसऱ्या दिवशी तात्यांना वाचून दाखवलं. त्यांनी भुवया चढवल्या.

"ह्येच्यात भेसळ किती?"

"म्हणजे?"

"रक्त कुणाचं सांडलं गो? पंप गेला हाय."

"तात्या, तशी भाषा असते पत्रकाची."

"खोड."

रक्त गेलं. डीलरशाही गेली, कारण "असा शब्द मी ऐकलेला नाय." 'हजारो शेतकरी' गेले, कारण तात्यांना त्यातला एकच ठाऊक होता. 'नफेखोर गिधाडं' वाचल्यावर म्हणाले, गिधाडं आता दिसत नाहीत, उगाच त्यांना कशाला. होता होता पानभर मजकुरात एक ओळ उरली: मी डिझेलात रॉकेल घातलेलं नाही. खाली नाव, गाव.

"अहो, मग पंप कशाने गेला? ते तरी लिहू. सर्व्हिसला फिल्टर बदलला होता ना? त्यात काही..."

"ते नको."

"का नको?"

"मी रॉकेल घातलं नाय, एवढंच लिव. त्यांनी ती ओळ खोडायची. पंप गेला खड्ड्यात."

मला या हट्टाचा संताप यायचा. ट्रॅक्टर अवजारांच्या मांगराच्या बाजूला बॉनेट उघडं टाकून पडून होता, चिऱ्यांचा हंगाम चालला होता, आणि म्हाताऱ्याला पडली होती ओळीची. पण गावात गेले तेव्हा समजलं की ओळ जॉबकार्डावर राहिली नव्हती. ती देवळात पोचली होती. भजनाला कोणीतरी म्हणालं, तात्या, वीज गेलीय, कंदिलापुरतं ट्रॅक्टरमधून काढून द्या. सगळे हसले. तसे ते वाईट लोक नव्हेत. पण आयुष्यभर पावसात बुडबुडे बसायची वाट बघायला लावणाऱ्या माणसावर एकदा हसायला मिळालं, ते कोण सोडणार. तात्या त्या दिवसापासून भजनाला गेले नाहीत.

तेव्हा मी ती एकच ओळ छापली. जाड टाइपात, पूर्ण पानावर. आणि गुढीपाडव्याच्या सकाळी आम्ही दोघं शोरूमच्या दारात जाऊन उभे राहिलो.

पाडवा म्हणजे त्यांचा सगळ्यात मोठा दिवस. दारात गुढी, आत हार घातलेले नवे ट्रॅक्टर, पेढ्यांचे बॉक्स. घ्यायला आलेली माणसं पत्रक वाचायची, तोंडात पेढा तसाच, आणि विचारायची, "म्हंजे काय झालं?" माझ्या आजवरच्या कुठल्याही पत्रकावर कोणी प्रश्न विचारला नव्हता. यावर प्रत्येक जण विचारत होता. तात्या शांतपणे सांगायचे, "पंप गेला. ते बोलतात मी रॉकेल घातलं. मी घातलं नाय." एवढं ऐकून माणूस नव्या ट्रॅक्टरकडे बघायचा, मग मॅनेजरकडे बघायचा. एका कुटुंबाने हार घालून झालेला ट्रॅक्टर तसाच सोडला आणि "वायच इचार करून येतो" म्हणून निघून गेलं.

दुपारच्या आत आम्हाला केबिनमध्ये बोलावणं आलं. साहेब त्या दिवशी जेवायला गेले नव्हते.

"आजोबा, आपला गैरसमज झालाय," मॅनेजर म्हणाला. एसी इतका गार होता की तात्यांनी उपरणं अंगाभोवती घेतलं. "आम्ही चौकशी केली. चूक आमच्याकडूनच झाली. आमच्या मेकॅनिकने सर्व्हिसला नवा फिल्टर न घालता जुनाच धुवून बसवला. गाळ पंपात गेला."

मी जवळजवळ उठून उभी राहिले. "नवा का नाही बसवला? तुमच्याकडे होता का?"

"ते आमचं अंतर्गत आहे, मॅडम."

"म्हणजे नव्हता. आणि धुवून बसव असं त्याला सांगितलं कोणी?"

मॅनेजर माझ्याकडे बघायचं टाळून तात्यांशी बोलू लागला. ती ओळ खोडतो, पंप नवा बसवून देतो, लेखी देतो की मेकॅनिकचा निष्काळजीपणा होता आणि त्याला आजपासून कामावरून कमी केलं आहे. फक्त दारातून उठा. दाराशी मुश्ताकभाई उभा होता. हातात फडकं. तो फडक्याने एकच बोट पुसत होता, पुसतच होता.

तात्यांनी विचारलं, "ह्येला काढणार?"

"काढलाच समजा."

"आणि ओळ खोडायची तर ह्येचं नाव लिवायला लागंल?"

"कोणाचं तरी लिहावं लागणारच ना, आजोबा."

तात्यांनी मुश्ताकभाईच्या हातातल्या फडक्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलतील. आता या गार केबिनमध्ये या माणसाला सांगतील की नाव लिहायचं तर स्वतःचं लिही. मी तयारीत होते. माझ्याकडे तर पूर्ण भाषण होतं.

"मग ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "मीच घातलं रॉकेल."

"तात्या."

"गप ऱ्हा गो. मी घातलं. ओळ हाय तशी ऱ्हाऊ दे. पंपाचं माझं मी बघतो. पण हा कामावर दिसला पायजे. नाय दिसला तर मी परत दारात येऊन बसेन, आणि ह्या पोरीला पायजे ते लिवायला सांगेन. रक्तबिक्त सगळं."

मॅनेजरला सौदा समजायला क्षणभर लागला. मग तो हसला. ते हसू मी अजून विसरलेले नाही आणि विसरणारही नाही.

बाहेर रस्त्यावर मी तात्यांना खूप बोलले. कळतंय का तुम्हाला काय केलंत, म्हटलं. ज्याने लबाडी करायला सांगितलं तो आत बसलाय, ज्याने हुकूम पाळला तो दाराशी उभा, आणि गुन्हा कबूल करून कोण येतंय तर ज्याची फसवणूक झाली तो. असा न्याय जगात कुठे असतो का. तात्या एसटी कुठून येते ते बघत होते.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं," मी म्हटलं.

"पंप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी आला हुता तो. नवा फिल्टर नव्हता, साहेब बोलला धू आणि बसव. सांगताना रडला मेला. माझ्या पडवीत बसून सांगितलेलं मी बाहेर कसं सांगू?"

"मग तुमच्या नावाचं काय?"

"मी आता काय दुकान लावणार नाय, बाय. त्याला अजून कामाला जायाचं हाय."

एसटी आली, तात्या चढले. खिडकीतून त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मीही बघितलं नाही. मला आजही वाटतं की मी चुकीचं काही बोलले नव्हते. त्या डीलरने त्या सालात आणखी किती फिल्टर धुवून बसवले असतील याचा विचार केला की माझं डोकं फिरतं. त्याच्याविरुद्ध तक्रारी गोळा करायचं काम मी सोडलेलं नाही. तात्यांची कबुली मात्र तो जो येईल त्याला ऐकवतो. बघा, म्हणतो, पत्रक वाटणारा स्वतःच कबूल झाला.

पंप बंदरावर लाँचींचे पंप दुरुस्त करणाऱ्या एकाकडून नीट झाला. मुश्ताकभाईने सुटीच्या दिवशी येऊन बसवला. ट्रॅक्टर चालू लागला, चिरे वाहू लागला. गावात मात्र रॉकेलवरून हसणं चालूच होतं, आणि तात्या चालू देत होते.

जूनच्या तोंडाला एका रविवारी मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. मनात होतं, निदान फिल्टरची हकीकत माणसाचं नाव न घेता सांगायची परवानगी द्या, असं भांडून घ्यावं. अंगणात शिरले तर ट्रॅक्टर उभा, इंजिन चालू आणि तात्या पाना घेऊन वाकलेले. टाकीकडून येणाऱ्या नळीचा नट त्यांनी हळूच अर्धा फेरा सैल केला आणि कान देऊन उभे राहिले. नळीत हवा शिरली. इंजिनाने दोनतीन आचके दिले आणि ते बंद पडलं. एवढं कळण्याइतका ट्रॅक्टर मी त्या वर्षात शिकले होते: आता कोणीतरी बसून हातपंप मारत ती हवा काढल्याशिवाय तो चालू होणार नव्हता.

"तात्या, हे काय करताय?"

ते दचकले. पाना उपरण्यात गुंडाळला. "काय नाय. तू कधी आलीस?"

तेवढ्यात लुनाचा आवाज आला. मुश्ताकभाई उतरला, एका हातात हत्यारं, दुसऱ्या हातात मासळीची पिशवी.

"काय तात्या, परत हवा धरली?"

"धरली. तुझ्या हाताचं काम कधी टिकलंय?"

"गेल्या रविवारी चांगली काढून दिली हुती."

"चांगली काढली असतीस तर आज बंद पडला असता? बघ नीट. घाई करू नको." तात्यांनी पिशवी घेतली आणि आत गेले. आतून तांदूळ धुतल्याचा आवाज येऊ लागला.

मुश्ताकभाई ट्रॅक्टरपाशी बसला. हात थेट त्या नटावर गेला. बोटाने चाचपून बघितलं, पान्याने एक झटका दिला, नट बसला. हातपंपाचे थोडे फटके मारले, आधी फेसाळ डिझेल आलं, मग स्वच्छ धार. संपलं काम. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मी माडाकडे बघत राहिले. मग त्याने हत्यारं पिशवीत न भरता तशीच अंगणात पसरून ठेवली, चाकाला पाठ टेकली आणि पाय लांब केले.

"झालं काय रे?" आतून तात्यांनी विचारलं.

"नाय तात्या," मुश्ताकभाई म्हणाला. "अजून वेळ लागंल."